भोईरबाईंच्या हातातली माणसं

आमच्या शाळेच्या गणपत शिपायाचं घंटा देणं माझ्याकडे आहे. घंटा नाही, ती अजून अंबरनाथला शाळेतच टांगलेली आहे आणि हल्ली तिच्याऐवजी भोंगा वाजतो. माझ्याकडे आहे ती गणपतची पद्धत. हातोडी हातात जरा झुलवायची, पहिला ठोका हलका, चाचपल्यासारखा, मग बाकीचे सणसणीत, आणि शेवटी तळहात मागे पँटला पुसायचा. गणपत जाऊन बरीच वर्षं झाली. मी गणिताची निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांनी बेजार. हे काम तुमच्याकडे कसं आलं, असं कोणी विचारलं की मी भोईरबाईंचं नाव सांगते. ज्यांना त्या माहीत आहेत ते पुढे काही विचारत नाहीत.

वासंती भोईर आमच्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. कुळगावच्या आगरी घरातल्या. मुंबईला कला महाविद्यालयात शिकलेल्या घरातल्या पहिल्या, आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्याही. उंचीने बेताच्या, अंगाने रुंद, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल शोधत त्या स्टाफरूमभर फिरायच्या. दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खायच्या आणि खाऊन झाल्यावर मीठ कमी पडल्याचं मनापासून सांगायच्या. आमचं सूत जमायचं तसं काही कारण नव्हतं. आमची कपाटं शेजारी होती, तेवढंच.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "बघू नका, करा." सातवीच्या वर्गात एकदा स्थिरचित्रासाठी त्यांनी घागर ठेवली आणि मुलांना सांगितलं, कागद बाजूला ठेवा, आधी घागरीसारखं बसा, पोट कुठे येतं आणि गळा कुठे आवळतो ते अंगाला कळू दे. मुख्याध्यापक फेरीवर आले तेव्हा अख्खा वर्ग गाल फुगवून, कमरेवर हात ठेवून बसला होता.

"हे काय चाललंय?"

"स्थिरचित्र," बाई म्हणाल्या.

सर दारात थोडा वेळ उभे राहिले. उत्तर नियमात बसतंय की नाही ते त्यांना ठरवता येईना, मग ते पुढच्या वर्गाकडे गेले. त्या वर्षी मुलांच्या घागरी चांगल्या आल्या होत्या, हे मात्र खरं.

गणपत निवृत्त व्हायच्या सुमाराला बाईंच्या डोक्यात ते खूळ शिरलं. मधल्या सुट्टीत त्या त्याला समोर स्टुलावर बसवायच्या, आपण गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, आणि त्याने हात उचलला की आपणही उचलायच्या, आरशात बघितल्यासारखा. त्याचा हात ज्या बाजूला, त्याच बाजूचा यांचा हात. मी वह्या तपासता तपासता म्हटलं, "बाई, हे उलटं होतंय. त्याचा उजवा म्हणजे तुमचा डावा."

"बाजू महत्त्वाची नाही हो, प्रधानबाई. वळण महत्त्वाचं."

भूमितीत असं म्हणून चालत नाही. चित्रकलेत चालत असेल, म्हणून मी परत वह्यांत डोकं घातलं. गणपत लाजून हसत होता. त्याच्या जन्मात त्याच्याकडे इतकं निरखून कोणी बघितलं नसावं.

त्या याला 'ठेव' म्हणायच्या. माणूस जातो, त्याचा फोटो उरतो, पण त्याचं चालणं, पदर सारखा करणं, चहाच्या कपाची वाट बघत टेबलावर बोटं वाजवणं कुठे जातं, असा त्यांचा सवाल होता. ते दुसऱ्याच्या अंगात ठेवायचं. नियम दोन-तीनच. व्हिडिओ काढायचा नाही, कारण मग अंग आळशी होतं. हातात वस्तू घ्यायची नाही. रिकाम्या हाताने सगळं करायचं. आणि ठेव नातेवाइकाकडे द्यायची नाही, कारण नातेवाईक रडतात किंवा सुधारणा करतात. ज्याला त्या लकबीची काही गरज नाही, त्याच्याकडेच द्यायची. मला घंटेच्या आवाजाने कपाळशूळ उठायचा, म्हणून घंटा माझ्याकडे आली. मी बाईंच्या शेजारी बसून शिकले, म्हणून डाव्या हाताने आली आणि तशीच राहिली.

पुढे भावांनी कुळगावातली जमीन बिल्डरला दिली. भावांनी फ्लॅट घेतले, बाईंनी रस्त्यावरचा गाळा मागून घेतला. एका बाजूला मोबाइलचं दुकान, दुसऱ्या बाजूला चिकन सेंटर. मधल्या गाळ्यात शटर अर्धं वर करून बाई समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. थोरले भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची वासू येरी हाय, पन कोनाचा वाईट नाय करनार." येरी म्हणजे वेडी. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे ठेवीवाले तिथे जमायचो, आपापली ठेव करून दाखवायचो आणि वडापाव खाऊन घरी जायचो. यातली सगळ्यांत मोलाची ठेव कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी सोमाआजोबांचं वाकणं सांगेन.

सोमाआजोबांचं जुनं घर बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. बाईंनी त्यांना बदलापुरात बँकेच्या दारात बघितलं. दार काचेचं, माणसाच्या दीडपट उंच, आणि आजोबा आत शिरताना मान खाली घालून, खांदे चोरून, चांगले वाकले. बाहेर पडतानाही वाकले. बाई त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेल्या. त्यांना असं करताना लाज कधी वाटली नाही. घर नवं, पक्कं, दाराची चौकट उंच, आणि म्हातारा तिथेही वाकूनच आत गेला.

"आजोबा, तुम्ही वाकता का?"

"मी कवा वाकलो?"

सून हसायला लागली. म्हणाली, "रोज वाकतात. आम्ही सांगून थकलो." आजोबांना ते पटेना. ते उठले, दारापाशी गेले आणि ताठ मानेने बाहेर जायचा प्रयत्न केला. चौकट आली आणि मान आपोआप खाली गेली. परत आले, परत गेले, परत तेच. मग उंबऱ्यावर बसले आणि पाण्याखालच्या त्या जुन्या दाराबद्दल बोलायला लागले. डोकी लागून लागून चौकटीचं वरचं लाकूड कसं गुळगुळीत झालं होतं, आई नव्या सुनांना आधी तिथे हात लावायला सांगायची, ते सगळं. बाईंनी ते वाकणं घेतलं आणि वांगणीच्या संगीताकडे ठेवलं. संगीता शिवणकाम करते. उंची जेमतेम, जन्मात तिला कुठल्या दाराखाली वाकावं लागलेलं नाही. ती गाळ्याच्या शटरखालून वाकून आत येते तेव्हा मला खरोखर कुठलंतरी बुटकं दार दिसतं.

आता टेकचंद अंकल. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात त्यांचं फ्रेमचं दुकान. बाई शाळेसाठी फ्रेमा तिथूनच करून घ्यायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी, ईश्वरीआंटी, आणि कोणीही आलं, अगदी वीजबिलवाला आला तरी, आधी भाजलेला पापड आणि पाणी. सिंधी घरातली ही रीत. आंटी गॅसच्या उघड्या जाळावर नुसत्या बोटांनी पापड भाजायच्या, भराभर उलटायच्या, ताटलीच्या काठावर टिचकी मारून काजळी झाडायच्या, पोळलेलं बोट पटकन कानाच्या पाळीला लावायच्या, आणि मग पापड दुसऱ्या हातात घेऊन पाहुण्यापुढे धरायच्या. हे एका दमात व्हायचं. आंटी आजारी पडल्या तेव्हा बाई महिनाभर दर रविवारी त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि ते सगळं शिकल्या. आंटी गेल्या. अंकलनी एकदोनदा विचारलं, "बाईजी, देखने को मिलेगा क्या?" बाई म्हणायच्या, अजून शिजतंय. ही ठेव त्यांनी कोणाला दिली नव्हती. स्वतःकडेच ठेवली होती.

मग मुंबईच्या एका गॅलरीने बाईंना बोलावलं. कशी वार्ता लागली कोण जाणे. पांढऱ्या भिंती, एसी इतका की मी पदर गळ्याभोवती घेतला, आणि भिंतीवर एक मोठा कागद. त्यात देह, स्मृती, जिवंत संग्रह असे शब्द होते आणि एकेक वाक्य मालगाडीएवढं. बाईंनी तो वाचला आणि मला हळूच म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. माझ्याबद्दल आहे का?" पण मान ताठ झाली होती. खोटं कशाला बोलू, त्या सुखावल्या होत्या, आणि त्यांना ते शोभतही होतं.

टेकचंद अंकल मुलाच्या गाडीने आले होते आणि आम्हालाही त्यांनीच आणलं होतं. पांढरा सफारी, खिशाला पेन, पहिल्या रांगेत मधोमध. संगीता वाकली. मी घंटा दिली. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. शेवटी बाई आल्या आणि खाली बसून पापड भाजायला लागल्या. हातात काही नाही, समोर गॅस नाही. पण जाळ दिसत होता. अंकल पुढे झुकले. बोट कानाच्या पाळीला गेलं तेव्हा त्यांच्या तोंडून काहीतरी सिंधीत निघालं, बहुतेक नावच. बाई उठल्या आणि पहिला पापड घेऊन सरळ त्यांच्यापुढे आल्या.

डाव्या हाताने.

अंकलचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. बाईंचा हात पुढे तसाच. अंकल त्या हाताकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही. मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळे वाजवायला लागले. लोकांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. चष्मेवाल्या एका तरुण समीक्षकाने पुढे कुठेतरी लिहिलं की भोईर यांचा डावा हात हा नाकारलेल्या शरीराचा आवाज आहे. मला ते वाचून चीड आली. तो हात उलट्या बाजूने शिकलेला होता, बाकी काही नाही.

बाहेर फुटपाथवर अंकल शांतपणे म्हणाले, "बाईजी, मेरी घरवाली उलटे हाथ की थी. सब काम उलटे हाथ से. पर मेहमान को दिया हमेशा सीधे हाथ से. सास ने मार मार के सिखाया था. घर में नई आई थी, रोती थी और सीखती थी. वो एक चीज उसने मेहनत से सीखी, और वही आपने उलटी कर दी. इतने लोगों के सामने."

बाई म्हणाल्या, "अंकल, बाजू महत्त्वाची नसते. वळण—"

"आपके लिए नहीं होगी. जब वो सीधे हाथ से देगी, तब बुलाना."

परत यायचं होतं त्यांच्याच गाडीने. अंकलनी मध्येच पाण्याची बाटली मागे दिली, उजव्या हाताने, वळून, अवघडत. बाईंनी ती घेतली आणि उघडली नाही.

पुढच्या वेळी मी गाळ्यात गेले तेव्हा बाई एकट्याच भिंतीकडे तोंड करून पापड भाजत होत्या. डाव्या हाताने भाजायचं, उजव्या हाताने द्यायचं. मी बसून बघितलं. सगळं बरोबर होतं आणि काही म्हणजे काही दिसत नव्हतं. जाळ नाही, पापड नाही, एक जाडजूड बाई हवेत हात हलवतेय एवढंच.

"हात बदलला की आंटी निघून जाते," त्या म्हणाल्या. "मीच उरते."

"मग राहू द्या जसं आहे तसं."

"पाहुण्याला डाव्या हाताने देऊ?" असं त्या माझ्यावरच खेकसल्या, जणू ती कल्पना माझी होती.

त्यांचं सगळंच हललं होतं. माझी घंटा उलटी, आणखी कोणाचं काय काय उलटं. फक्त संगीताचं वाकणं शाबूत, कारण वाकण्याला डावं-उजवं नसतं. मी म्हटलं, गणपतला काही फरक पडत नाही, मला तर नाहीच नाही. त्या म्हणाल्या, गणपतला नाही, पण आंटीला पडतो. त्या हट्टाला पेटल्या होत्या. त्या दिवाळीनंतर आम्हाला बोलावणं आलं नाही. अधूनमधून अंकलना फोन करायच्या. पलीकडून एकच प्रश्न यायचा, "हो गया क्या?" बाई म्हणायच्या, "नाही अजून." दोघंही फोन ठेवायचे. असं वर्षभर चाललं असेल. माझा अंदाज असा की त्या म्हाताऱ्याला ती चूक सुधारून हवी होती, आणि बाईंना त्याने एकदा तरी तो पापड घ्यायला हवा होता. दोन्ही एकच गोष्ट होती, पण त्यांनी आपसात तसं बोलायला हवं होतं ना.

एका सकाळी चिकन सेंटरवाल्याला शटर अर्धंच वर दिसलं आणि आतून हाकेला ओ येईना. बाईंची उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली. दवाखान्यातून भावाने त्यांना आपल्या फ्लॅटवर नेलं. काही दिवसांनी एक 'हां' तेवढा परत आला. आयुष्यभर अखंड बोलणाऱ्या बाईच्या तोंडात फक्त एक 'हां', हे बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला फार वाईट वाटलं. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

ठेवीवाले एकेक करून भेटायला आले. बोलण्यासारखं काही नसायचं, मग जो तो आपली ठेव करायचा. संगीता त्या फ्लॅटच्या दारातून वाकून आत आली. मी घंटा दिली. बाईंनी खुर्चीतूनच डावा हात हलवून नाही म्हटलं. मी पुन्हा केली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, पँटला हात पुसायची मला घाई झाली होती. नीट पुसल्यावर "हां" आला. सगळ्यांच्या ठेवी जागेवर होत्या. आंटीची तेवढी बाईंच्या अंगात अडकली होती, आणि अंग असं. दिवसभर त्या डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवायच्या, तो घसरायचा, त्या परत ठेवायच्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तसा व्यायामच दिला होता.

मी अंकलना फोन केला. मला मध्ये पडायची हौस नाही, पण कोणीतरी करायला हवा होता.

"सीधे हाथ से हो गया क्या?" त्यांनी सवयीने विचारलं.

मी म्हटलं, "अंकल, त्यांचा सीधा हातच आता चालत नाही." आणि काय झालं ते सांगितलं.

पलीकडे दुकानातलं खिळे ठोकणं ऐकू येत होतं. ते थांबलं. "आता हूँ," ते म्हणाले.

आले ते तोच पांढरा सफारी घालून. भावाने त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती उचलून बाईंच्या समोर, अगदी जवळ ठेवली आणि बसले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. अंकल म्हणाले, "कैसी हो, बाईजी?" बाई "हां" म्हणाल्या. भावजय चहा टाकू का विचारायला दारात आली आणि तिथेच थांबली, कारण बाईंचा डावा हात वर आला होता.

त्या पापड भाजायला लागल्या. हात हळू होता, मध्ये एकदा चुकला, परत पहिल्यापासून सुरू केलं. उलटला, पुन्हा उलटला. ताटलीच्या काठावर टिचकी. बोट कानाच्या पाळीला, डावं बोट डाव्या कानाला, जसं आंटीचं जायचं. जाळ मला दिसला. भावजयीलाही दिसला असावा, ती जरा मागे सरकली. मग तो हात पापड घेऊन अर्ध्यावर थांबला. अंकल त्याच्याकडे बघत होते. मीही बघत होते, आणि एवढ्यावरच थांबा, पुढे नका करू, असं मला मनातून वाटत होतं.

बाईंनी पापड मांडीवर ठेवलेल्या उजव्या तळहातावर ठेवला. बोटं मिटेनात, ती त्यांनी डाव्या हाताने एकेक करून मिटली. मग डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरलं, उचललं, आणि तो निर्जीव, जड उजवा हात अंकलच्या पुढे धरला.

अंकल खुर्चीतून उठले. पाहुण्याने उभं राहून घ्यायची काही रीत नाही, पण ते उठले. उजवा हात पुढे करून त्यांनी त्या बोटांमधून पापड सोडवून घेतला, मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला. मग उरलेला तुकडा हातात तसाच धरून ते भावजयीकडे वळले.

"बेटी," म्हणाले, "पानी पिलाओ."